क्रिप्टो फ्युचर्स: आधी बाहेर पडायची जागा, मग आत शिरायची

क्रिप्टो फ्युचर्समध्ये (नाणं हाती न घेता त्याच्या भावावर केलेले सौदे) नव्याने आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'आत्ता घेऊ का?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर सुरुवात उलट्या टोकापासून करावी लागते. आपला अंदाज चुकला हे कोणत्या भावाला मान्य करायचं, ते आधी ठरतं. ती जागा म्हणजे स्टॉपलॉस. स्टॉपलॉस ठरला की किती माल घ्यायचा ते ठरतं, माल ठरला की लेव्हरेज (थोडे पैसे अडकवून कित्येक पट किमतीचा सौदा करायची सोय) किती पुरेल ते ठरतं, आणि हे सगळं झाल्यावरच कळतं की समोर दिसणारा एंट्रीचा भाव आपल्याला परवडतो की नाही. हा लेख त्याच क्रमाने जातो.

उदाहरण एकच घेतलं आहे: बिटकॉइन-यूएसडीटी पर्पेच्युअल. यूएसडीटी म्हणजे डॉलरशी भाव बांधलेलं नाणं, पर्पेच्युअल म्हणजे काय ते पुढे येतं. भाव १,००,००० डॉलर धरला आहे, तो फक्त हिशेब सोपा जावा म्हणून. खातं १,००० यूएसडीटीचं धरलं आहे.

एक आकडा सुरुवातीलाच डोळ्यांसमोर असलेला बरा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात शेअर बाजाराच्या एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तो बाजार रोज दुपारी बंद होतो. क्रिप्टोचा बाजार बंदच होत नाही आणि काही एक्स्चेंजवर १०० पटीहून जास्त लेव्हरेज मिळतं. घरखर्चाचे, कर्जाचे किंवा मुलांच्या फीचे पैसे इथे आणू नका.

## तीन भाव आणि फंडिंग

निफ्टीच्या फ्युचर्सला महिन्याची एक्स्पायरी असते. क्रिप्टोत सर्वाधिक उलाढाल होते ती पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये, ज्यांना एक्स्पायरी नाही. बिटमेक्स या एक्स्चेंजने मे २०१६ मध्ये बिटकॉइनसाठी हा प्रकार आणला आणि पुढे जवळपास सगळ्या एक्स्चेंजनी तो उचलला. एक्स्पायरी नसेल तर फ्युचर्सचा भाव स्पॉटपासून (नाणं प्रत्यक्ष घ्यायच्या बाजारातल्या भावापासून) भरकटत जाईल, म्हणून फंडिंगची सोय आहे. फंडिंग रेट धन असेल तर लाँगवाले (भाव चढेल म्हणून खरेदी केलेले) शॉर्टवाल्यांना (भाव पडेल म्हणून आधी विक्री केलेल्यांना) पैसे देतात, ऋण असेल तर उलट. अनेक मोठ्या एक्स्चेंजवर हे दर आठ तासांनी होतं, भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३० ला. काही नाण्यांसाठी हे अंतर चार तासांचं किंवा एका तासाचंही असतं. कॉन्ट्रॅक्टच्या माहितीत ते लिहिलेलं असतं, एकदा बघून ठेवा.

स्क्रीनवर एकाच नाण्याचे तीन भाव असतात. लास्ट प्राइस म्हणजे त्या एक्स्चेंजवर झालेला शेवटचा सौदा. इंडेक्स प्राइस म्हणजे अनेक स्पॉट बाजारांची सरासरी. मार्क प्राइस ही त्या इंडेक्सच्या आधारे काढलेली किंमत. तुमची पोझिशन, म्हणजे चालू सौदा, लिक्विडेट होते (तोटा वाढून अनामत संपत आली की एक्स्चेंज ती परस्पर बंद करतं) ती सर्वसाधारणपणे मार्क प्राइसवर. चार्टवर मात्र बहुधा लास्ट प्राइस दिसते. 'भाव तिथे गेलाच नव्हता, तरी माझा सौदा कापला' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या फरकात असतं.

## पहिली पायरी: बाजार कुठे उभा आहे ते बघा

चार तासांचा चार्ट उघडा. त्यावरची प्रत्येक कँडल म्हणजे त्या चार तासांतली भावाची हालचाल दाखवणारा उभा ठोकळा. भारतात या कँडल १:३०, ५:३० आणि ९:३० ला बंद होतात, सकाळीही आणि संध्याकाळीही. दिवसाची कँडल पहाटे ५:३० ला बंद होते, कारण हा बाजार यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चालतो. कँडल बंद व्हायच्या आधी तिच्यावरून काही ठरवू नका. ९:१० ला जोरदार ब्रेकआउट (अडवणारी पातळी ओलांडून भावाने झेप घेणं) वाटणारी कँडल ९:३० ला नुसती लांब वात (ठोकळ्याच्या टोकाची बारीक रेघ) सोडून खाली बंद होते, हे वारंवार घडतं.

चार्टवर फक्त अलीकडचे उंचवटे आणि खोलगे खुणा करून ठेवा. प्रत्येक खोलगा आधीच्यापेक्षा वर आणि प्रत्येक उंचवटा आधीच्यापेक्षा वर असेल तर तेजी. दोन्ही खाली सरकत असतील तर मंदी. यातलं काहीच नसेल तर भाव एका पट्ट्यात फिरतो आहे. नव्या माणसाने त्या पट्ट्याच्या मधोमध सौदा घेऊ नये, कारण तिथून वरचं टार्गेटही जवळ असतं आणि स्टॉपलॉसला आधार देणारी जागाही नसते.

आपलं उदाहरण असं समजू. बिटकॉइनचे खोलगे ९४,००० आणि ९६,५०० ला झाले. ९९,८०० ला दोनदा अडलेला भाव तिसऱ्या वेळी ती पातळी ओलांडून १,०२,४०० पर्यंत गेला आणि आता परत खाली येतो आहे. तेजी शाबूत आहे, आणि जिथे भाव अडत होता ती ९९,८०० ची पातळी आता आधार देते का, हे बघायचं आहे. पातळी म्हणजे एक रेघ समजू नका, पट्टा समजा. इथे तो ९९,२०० ते १,००,००० असा धरू.

## दुसरी पायरी: चूक कुठे ठरते

आता एक तासाच्या चार्टवर या. भाव पट्ट्यात उतरला, ९८,९०० पर्यंत वात गेली आणि कँडल पुन्हा ९९,६०० च्या वर बंद झाली. म्हणजे खाली खरेदी आली. आता स्वतःला विचारा: काय घडलं तर ही समजूत खोटी ठरेल? भाव ९८,९०० च्या खाली टिकला तर. स्टॉपलॉस या उत्तराच्या थोडा पलीकडे ठेवायचा.

'थोडा' म्हणजे किती, हे मोजायला एटीआर नावाचा इंडिकेटर वापरा. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला हा इंडिकेटर भाव सरासरी किती हलतो ते सांगतो, दिशा सांगत नाही. चार्टवर १४ कँडलची मूळ सेटिंग ठेवली तरी चालते. समजा एक तासाचा एटीआर ४०० डॉलर आहे. मग ९८,९०० मधून ४०० वजा करून स्टॉपलॉस ९८,५०० ला येतो.

इथे दोन चुका होतात. एक, स्टॉपलॉस बरोबर ९८,९०० ला किंवा ९९,००० सारख्या गोल आकड्यावर ठेवला जातो. तिथेच बाकीच्या हजारोंचेही स्टॉप असतात. त्यांना स्पर्श करून भाव उलटा फिरणं क्रिप्टोत नेहमीचंच आहे, कारण तिथे एकदम विक्रीच्या ऑर्डरी सुटतात आणि मोठ्या खरेदीदाराला हवा तेवढा माल मिळतो. दुसरी चूक जास्त महाग पडते: 'मला १० डॉलरच गमवायचे आहेत' म्हणून स्टॉपलॉस भावाच्या जवळ ओढला जातो. गमवायची रक्कम मालाच्या प्रमाणावरून आटोक्यात ठेवायची असते. स्टॉपची जागा चार्ट ठरवतो.

## तिसरी पायरी: किती माल, किती लेव्हरेज

एका सौद्यात खात्याच्या १ टक्क्यापेक्षा जास्त जोखीम घेऊ नका. १,००० यूएसडीटीवर ती १० यूएसडीटी होते. सूत्र एवढंच आहे:

माल = जोखमीची रक्कम ÷ (एंट्री − स्टॉपलॉस)

एंट्री १,००,००० आणि स्टॉप ९८,५००, म्हणजे अंतर १,५०० डॉलर. १० ला १,५०० ने भागलं की ०.००६६७ बिटकॉइन. जिथे ०.००१ च्या पटीत माल घ्यावा लागतो तिथे खाली आणून ०.००६ घ्या, वर नेऊन ०.००७ नको. सौद्याची एकूण किंमत ६०० यूएसडीटी. स्टॉपलॉस लागला तर तोटा ९ यूएसडीटी, अधिक फी. या १,५०० डॉलरच्या अंतराला, आणि त्यातून होणाऱ्या ९ यूएसडीटीच्या तोट्यालाही, ट्रेडर 'एक आर' म्हणतात, आणि पुढचं सगळं मोजमाप त्यातच करायचं.

खातं १०० यूएसडीटीचंच असेल तर? एक टक्का म्हणजे १ यूएसडीटी, आणि माल येतो ०.०००६७. ०.००१ च्या खाली तो घेताच येत नाही. अशा वेळी लोक 'जाऊ दे, किमान लॉट (घेता येणारा सर्वांत छोटा माल) घेऊ' म्हणतात आणि नकळत दीड टक्का जोखीम घेऊन बसतात. पुढच्या सौद्यात स्टॉप जरा लांब असला की तीच अडीच टक्के होते. छोट्या खात्याने छोट्या लॉटचा कॉन्ट्रॅक्ट निवडावा किंवा तो सौदा सोडावा.

आता लेव्हरेज. याबद्दलचा गैरसमज सर्वांत खोल आहे, म्हणून जरा थांबून बघू. ०.००६ बिटकॉइन तुम्ही ३ पटीने घ्या की ५० पटीने, स्टॉपलॉस लागल्यावरचा तोटा तोच, ९ यूएसडीटी. लेव्हरेजने बदलतात दोन गोष्टी: किती मार्जिन (सौद्यामागे ठेवलेली अनामत) अडकतं आणि लिक्विडेशनचा भाव कुठे येतो. मेंटेनन्स मार्जिन (सौदा चालू राहायला लागणारी किमान अनामत) ०.४ टक्के धरून आयसोलेटेड लाँगचा (ज्याच्या मागे फक्त त्याचंच मार्जिन असतं) लिक्विडेशन भाव साधारण असा निघतो:

५ पट: मार्जिन १२० यूएसडीटी, लिक्विडेशन ८०,३२१ च्या आसपास
१० पट: मार्जिन ६०, लिक्विडेशन ९०,३६१
२० पट: मार्जिन ३०, लिक्विडेशन ९५,३८२
५० पट: मार्जिन १२, लिक्विडेशन ९८,३९४
१०० पट: मार्जिन ६, लिक्विडेशन ९९,३९८

आपला स्टॉप ९८,५०० ला आहे. ५० पटीला लिक्विडेशन त्याच्या जेमतेम १०६ डॉलर खाली येतं. भाव वेगाने पडला तर दोन्ही एकाच झटक्यात लागू शकतात. १०० पटीला तर स्टॉपलॉस लागायच्या आधीच पोझिशन कापली जाते, म्हणजे तुम्ही ठेवलेला स्टॉप फक्त कागदावर उरतो. म्हणून नियम: लिक्विडेशनचा भाव स्टॉपलॉसपासून स्टॉपच्या अंतराच्या किमान दुप्पट लांब हवा. इथे ३ ते ५ पट भरपूर आहेत. बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने जुलै २०२१ मध्ये नव्या खात्यांसाठी लेव्हरेजची मर्यादा २० पटीवर आणली होती. नवख्याने त्याच्याही बरंच खाली राहावं.

मार्जिन मोड आयसोलेटेड ठेवा. क्रॉसमध्ये फ्युचर्स वॉलेटमधली सगळी शिल्लक एका सौद्याच्या मागे उभी राहते. लिक्विडेशन लांब गेल्यासारखं दिसतं, पण स्टॉप चुकला तर एका सौद्यात अख्खं खातं जातं.

## चौथी पायरी: एंट्री

नव्या माणसाने दोनच प्रकार शिकावेत आणि बाकीचे सहा महिन्यांनी बघावेत.

पहिला प्रकार पुलबॅकचा, जो आपल्या उदाहरणात आहे. तेजीत भाव मागे येऊन जुन्या पातळीला टेकतो आणि तिथे खरेदी दिसते. खरेदी 'दिसते' म्हणजे तीनपैकी किमान दोन गोष्टी घडतात: एक तासाची कँडल पट्ट्याच्या आत किंवा वर बंद होते, पुढची कँडल आधीच्या कँडलचा उच्चांक ओलांडते, आणि त्या वेळची उलाढाल मागच्या वीस कँडलच्या सरासरीपेक्षा जास्त असते. इथे ९८,९०० ची वात, ९९,६०० वरचा बंद आणि पुढच्या कँडलने मागचा उच्चांक ओलांडणं, एवढं पुरेसं आहे. एंट्रीची लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच पुरी होणारी) १,००,००० ला.

भाव १,००,००० ला न येता थेट १,००,९०० ला पळाला तर काय करायचं? काही नाही. स्टॉप तोच, ९८,५००. अंतर २,४०० झालं. पहिलं टार्गेट (ते कसं ठरलं ते पाचव्या पायरीत) १,०२,२५० च असल्यामुळे मिळणार १,३५० आणि जोखीम २,४००. सौदा आता परवडत नाही. दिशा बरोबर असूनही एंट्री चुकीची असू शकते, आणि पळत्या भावामागे धावणाऱ्यांचे पैसे नेमके इथेच जातात.

दुसरा प्रकार ब्रेकआउट आणि रिटेस्टचा. भाव पातळी ओलांडतो, चार तासांची कँडल तिच्या वर बंद होते, मग भाव पुन्हा त्या पातळीपर्यंत येतो आणि तिथून उचलला जातो. एंट्री या दुसऱ्या भेटीत. पहिल्याच झेपेला घेतलं तर खोटे ब्रेकआउट पदरात पडतात. रिटेस्टची वाट पाहिली तर काही चांगले सौदे हुकतात. नवख्याला हुकलेला सौदा स्वस्त पडतो.

एंट्रीची छाननी करायला ओपन इंटरेस्ट (अजून बंद न झालेल्या सौद्यांची एकूण बेरीज) आणि फंडिंग बघा. भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वाढत असतील तर नवे सौदे येत आहेत. भाव वाढतोय पण ओपन इंटरेस्ट घटतंय, तर ती बहुधा आपले सौदे बंद करणाऱ्या शॉर्टवाल्यांची खरेदी आहे. ती संपली की तेजीतली हवा जाते. भाव रेझिस्टन्सपाशी (वर जाताना अडवणाऱ्या पातळीपाशी) अडकला आहे, ओपन इंटरेस्ट फुगतंय आणि फंडिंग नेहमीच्या ०.०१ टक्क्यावरून ०.०५ किंवा ०.१ टक्क्याकडे चाललंय, तर लाँगची गर्दी झाली आहे असं समजा आणि नवी लाँग एंट्री टाळा. पण 'फंडिंग जास्त आहे म्हणून शॉर्ट' हेही पुरेसं कारण नाही. जोरदार तेजीत फंडिंग कित्येक दिवस चढंच राहू शकतं.

शॉर्टसाठी हेच सगळं उलटं करायचं: स्टॉप अलीकडच्या उंचवट्याच्या वर एक एटीआर सोडून, एंट्री खालून वर आलेल्या भावाला जुन्या पातळीवर विक्री दिसल्यावर. १,००,००० ला घेतलेलं १० पटीचं आयसोलेटेड शॉर्ट १,०९,५६२ च्या आसपास लिक्विडेट होईल. छोट्या नाण्यांत शॉर्ट करू नका. पातळ उलाढालीत काही मिनिटांत २०-३० टक्क्यांची उसळी येते.

काही वेळा अशा असतात की चार्ट कितीही सुंदर दिसला तरी एंट्री घेऊ नये. अमेरिकेचे महागाईचे आकडे भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि हिवाळ्यात ७ ला येतात. फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय रात्री ११:३० ला किंवा हिवाळ्यात १२:३० ला येतो, आणि अर्ध्या तासाने अध्यक्षांची पत्रकार परिषद सुरू होते. या वेळांच्या आधी अर्धा तास आणि नंतर एक तास हात बांधून बसा. त्या काही सेकंदांत ऑर्डर बुक (थांबलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी) रिकामं होतं, भाव दोन्ही बाजूंना झेपावतो आणि दोन्हीकडचे स्टॉप उडवतो.

## ऑर्डर टाकताना

लिमिट ऑर्डर बुकमध्ये जाऊन थांबली तर तुम्ही मेकर, मार्केट ऑर्डरने समोरचा भाव उचलला तर टेकर. बायनान्सवर साध्या खात्याला मेकर फी ०.०२ आणि टेकर ०.०५ टक्के अशी राहिली आहे. बाकीच्या ठिकाणी थोडाफार फरक असतो, आणि भारतीय एक्स्चेंजवर फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. फी सौद्याच्या पूर्ण किमतीवर लागते, मार्जिनवर नाही. आपल्या ६०० यूएसडीटीच्या सौद्यात दोन्ही बाजू टेकर धरल्या तर ०.६० यूएसडीटी, म्हणजे ९ च्या आरमधला साडेसहा टक्के भाग. स्टॉप दीड टक्क्याऐवजी ०.३ टक्क्यावर असता तर हीच ०.१ टक्क्याची फी आरचा तिसरा हिस्सा खाऊन गेली असती. पाच मिनिटांच्या चार्टवर दिवसभर खरेदी-विक्री करणारे नवखे दिशा बरोबर ओळखूनही का हरतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

ऑर्डर भरताना या गोष्टी तपासा:

- एंट्री लिमिट, आणि 'पोस्ट ओन्ली' चालू. म्हणजे चुकून टेकर होणार असाल तर ऑर्डर रद्द होते.
- स्टॉपलॉस एंट्रीबरोबरच टाकायचा, 'नंतर टाकतो' नाही. प्रकार स्टॉप-मार्केट, म्हणजे स्टॉपचा भाव आला की मिळेल त्या भावाला बाहेर. स्टॉप-लिमिटमध्ये भाव तुमच्या लिमिटवरून उडी मारून खाली गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि पोझिशन उघडी.
- ट्रिगर मार्क प्राइसवर ठेवा. एका एक्स्चेंजवरच्या एकट्या वातेने स्टॉप लागत नाही. सौदा मात्र त्या क्षणाच्या बाजारभावाला पुरा होतो, ठरवल्यापेक्षा थोडा वाईट भाव मिळेल हे धरून चाला.
- स्टॉप आणि टार्गेट दोन्हींवर 'रिड्यूस ओन्ली'. हे नसेल तर हाताने पोझिशन बंद केल्यावर मागे राहिलेला स्टॉप नंतर लागतो आणि तुमच्या नकळत उलटी पोझिशन उघडतो.
- पोझिशन मोड 'वन-वे'. हेज मोडमध्ये लाँग बंद करायचं म्हणून शॉर्ट उघडलं तर दोन्ही पोझिशन उघड्या राहतात आणि दोन्हींवर मार्जिन अडकतं.

संख्या बिटकॉइनमध्ये टाकताय की यूएसडीटीमध्ये, तेही शेवटी एकदा बघा. ही चूक करायला एक क्षण पुरतो.

## पाचवी पायरी: नफ्यातून बाहेर पडणं

टार्गेट चार्टवरून ठरतं, हव्या असलेल्या पैशांवरून नाही. पुढचा अडथळा १,०२,४०० चा जुना उच्चांक. तिथे विकणारे बसलेले असणार, म्हणून त्याच्या जरा अलीकडे, १,०२,२५० ला पहिलं टार्गेट. २,२५० डॉलर म्हणजे दीड आर. दुसरं टार्गेट त्यापुढच्या पातळीला, समजा १,०४,५०० ला, म्हणजे तीन आर. पहिल्या अडथळ्यापर्यंत दीड आरही मिळत नसेल तर सौदा घेऊच नका.

०.००६ पैकी ०.००३ पहिल्या टार्गेटला: नफा ६.७५ यूएसडीटी. उरलेलं दुसऱ्या टार्गेटला: १३.५०. दोन्ही मिळाली तर २०.२५, म्हणजे सव्वादोन आर, फीच्या आधी.

पहिलं टार्गेट लागल्यावर स्टॉप कुठे न्यायचा? बहुतेक ठिकाणी 'ताबडतोब एंट्रीला आणा' असं शिकवतात. आमचं मत वेगळं आहे. तेजीतला भाव एंट्रीपर्यंत परत येऊन पुढे जाणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि एंट्रीवरचा स्टॉप तिथेच लागतो. त्याऐवजी एक तासाच्या चार्टवर नवा वरचा खोलगा तयार होऊ द्या आणि स्टॉप त्याच्या खाली अर्धा एटीआर सोडून न्या. समजा १,०१,१०० ला खोलगा झाला, तर स्टॉप १,००,९०० ला. पुढचा खोलगा झाला की पुन्हा वर. स्टॉप फक्त नफ्याच्या दिशेने सरकतो, उलट कधीच नाही. एंट्रीलाच आणायचा असेल तर निदान फी धरून १,००,१०० ला आणा.

वेळेचाही स्टॉप असतो. एक तासाच्या चार्टवर घेतलेला सौदा आठ-दहा कँडलमध्ये कुठेच हलला नाही, तर ज्या खरेदीच्या भरवशावर आत शिरलात ती आली नाही, असा त्याचा अर्थ. थोड्याशा नफ्यात किंवा तोट्यात बाहेर पडा. पोझिशन पडून राहिली की फंडिंग चालू राहतं: दर आठ तासांनी ०.०१ टक्के म्हणजे दिवसाला ०.०३, वर्षाला जवळपास ११ टक्के, आणि तेही सौद्याच्या पूर्ण किमतीवर. फंडिंग ०.१ टक्के झालं तर दिवसाला ०.३. दहा पट लेव्हरेज असेल तर मार्जिनमधले ३ टक्के रोज जातात, भाव जागचा न हलता.

## सौदा अंगावर येतो तो कसा

तोट्यातल्या सौद्यात भर घालून सरासरी भाव खाली आणणं. स्पॉटमध्ये हे कधी जमून जातं, कारण तिथे थांबता येतं. फ्युचर्समध्ये मालाबरोबर पुढच्या प्रत्येक घसरणीचा तोटाही वाढतो आणि थांबायची मुभाच संपते. आत शिरताना दोन टप्प्यांत शिरायचं असेल तर दोन्ही टप्पे, दोघांचा एकच स्टॉप आणि एकूण जोखीम आधीच लिहून ठेवा.

स्टॉप जवळ आल्यावर तो लांब सरकवणं किंवा काढून टाकणं. याचा शेवट कसा होतो ते १० ऑक्टोबर २०२५ ला दिसलं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनच्या मालावर १०० टक्के आयातशुल्काची घोषणा केली तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. त्या दिवशी सुमारे १,२२,००० च्या पातळीवर असलेलं बिटकॉइन काही तासांत १,०५,००० च्या आसपास आलं. अनेक छोटी नाणी काही मिनिटांत निम्म्याहून खाली गेली. चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरपेक्षा जास्त पोझिशन लिक्विडेट झाल्या. ज्यांचे शॉर्ट नफ्यात होते अशांपैकीही काहींचे सौदे एक्स्चेंजने परस्पर बंद केले. याला ऑटो-डिलेव्हरेजिंग म्हणतात: समोरच्याचं नुकसान भरून काढायला विमा निधी पुरत नाही तेव्हा नफ्यातल्या पोझिशन कापल्या जातात. रात्री पोझिशन ठेवणार असाल तर स्टॉप एक्स्चेंजवर लावलेला हवा. डोक्यात ठरवलेला स्टॉप झोपेत लागत नाही.

टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरचे एंट्री-एक्झिट कॉलही असेच फसवतात. कॉल देणाऱ्याला १,००,००० ला मिळालेला सौदा तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत १,००,७०० झालेला असतो. स्टॉप आणि टार्गेट तेच राहतात, म्हणून त्याचा दीड आरचा सौदा तुमच्यासाठी पाऊण आरचाही उरत नाही. 'आम्ही तुमचं खातं चालवतो' म्हणणाऱ्याला तर पासवर्ड, एपीआय की (बाहेरून खातं चालवायची डिजिटल किल्ली) किंवा पैसे, यातलं काहीच देऊ नका.

## भारतातून करताना

आभासी मालमत्तेचे व्यवहार ७ मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत, आणि भारतीयांना सेवा देणाऱ्या एक्स्चेंजला फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी न केल्याबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या होत्या, पुढे बायनान्ससह काहींनी दंड भरून नोंदणी केली. खातं उघडण्याआधी एक्स्चेंज नोंदणीकृत आहे का ते तपासा. पण ही नोंदणी म्हणजे सेबीची देखरेख नव्हे. एक्स्चेंज बुडालं तर शेअर बाजारासारखा गुंतवणूकदार संरक्षण निधी इथे नाही.

स्पॉटमधल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापला जातो. फ्युचर्समध्ये नाणं हाती येत नाही, फक्त फरकाचे पैसे येतात. त्या उत्पन्नाचं वर्गीकरण कसं करायचं यावर करसल्लागारांत एकमत नाही. पहिल्या महिन्यातच सीएकडून लेखी मत घ्या आणि सौद्यांचे, फीचे व फंडिंगचे अहवाल दर महिन्याला उतरवून ठेवा.

## पहिले तीस सौदे

अनेक एक्स्चेंजवर डेमो किंवा टेस्टनेट मिळतं. पहिले दहा सौदे तिथे करा, फक्त ऑर्डरचे प्रकार हाताला बसवण्यासाठी. खोट्या पैशावरच्या नफ्यावरून मात्र स्वतःबद्दल काही ठरवू नका. पुढचे वीस खऱ्या पैशांचे, किमान लॉटचे.

प्रत्येक सौद्याची एक ओळ वहीत किंवा एक्सेलमध्ये घाला: तारीख आणि वेळ, लाँग की शॉर्ट, एंट्रीचं कारण एका वाक्यात, ठरवलेली एंट्री, मिळालेली एंट्री, ठरवलेला स्टॉप, प्रत्यक्ष बाहेर पडलेला भाव, फी, फंडिंग, आणि निकाल आरमध्ये. निकाल रुपयांत लिहू नका, नाहीतर मोठा सौदा चांगला आणि छोटा सौदा वाईट वाटायला लागतो.

तीस ओळी झाल्या की दोन आकडे काढा. शंभरातले ४० सौदे जिंकून सरासरी दोन आर मिळत असतील आणि ६० हरून एक-एक आर जात असेल, तर सौद्यामागे ०.२ आर नफा उरतो. त्यातून फी वजा करा. मग 'ठरवलेला स्टॉप' आणि 'प्रत्यक्ष बाहेर पडलेला भाव' हे दोन रकाने शेजारी ठेवून हरलेले सौदे तपासा. सरासरी तोटा एक आरऐवजी दीड आर निघाला, तर तुमच्या एंट्रीत दोष शोधत बसू नका. स्टॉप सरकवले जात आहेत किंवा लागलेच नाहीत. तो रकाना दुरुस्त होईपर्यंत माल किमान लॉटवरच ठेवा.